ध्रुवावरचा ओझोन आणि वाऱ्यांच्या वाटा

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेकाठी उभं राहिलात, तर तुम्ही कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असता. ओझोनचं छिद्र इथून फार दूर, अंटार्क्टिकावर. तरीही नातं आहे. ओझोन मुख्यतः आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांच्या वर, सुमारे ३० किलोमीटर उंचीवर, प्रखर उन्हात तयार होतो. तिथल्या हवेचा संथ प्रवाह तो ध्रुवांकडे वाहून नेतो.

अंटार्क्टिकावरची ओझोनची मोठी घट, म्हणजेच ते छिद्र, १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली. आता तिचा वाऱ्यांशी संबंध काय, ते पाहू. ओझोन सूर्याची अतिनील किरणं शोषतो आणि त्यामुळे भोवतालची हवा तापते. तो घटला की ध्रुवावरची वरची हवा जास्त थंड राहते, उत्तरेकडच्या हवेशी तिच्या तापमानाचा फरक वाढतो. मग ध्रुवाभोवती फिरणारे पश्चिमी वारे जोर धरतात आणि दक्षिणेकडे सरकतात. तिथल्या उन्हाळ्यात पावसाचे पट्टेही त्यांच्यामागे सरकले. वाऱ्यांची वाट केवळ कार्बन डायऑक्साइडमुळेच बदलते असं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं ओझोन नष्ट करणारी रसायनं आवरली आणि साधारण २००० नंतर हे सरकणं थबकलं.

ओझोन मोजण्यात भारताचंही काम आहे. भारतीय हवामान खात्यात शास्त्रज्ञ अन्ना मणी यांच्या पुढाकारानं फुग्यासोबत वर जाणारं ओझोनमापक उपकरण घडलं. पुढे अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री केंद्रावरूनही असे फुगे आकाशात सोडले गेले.