छोट्या मोटारी रंगवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार माणसांत उभे राहून बोलण्याची सवय नाही. चिटणीसबाईंनी ‘तुमच्या छंदाविषयी दोन शब्द बोला’ म्हणून सांगितले, तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “तुम्ही बोलू नका, तुमच्या गाड्याच बोलतील.” म्हणून त्या घेऊन आले आहे. समोरच्या टेबलावरच्या या सोळा मोटारी माझ्या हातच्या आहेत. म्हणजे घडवलेल्या नव्हेत. बाजारातल्या खेळण्यातल्याच, पण उघडून, घासून, पुन्हा रंगवलेल्या. भाषण संपल्यावर त्या हातात घेऊन पाहा. काळीपिवळी टॅक्सी मात्र जपून धरा; का, ते मी शेवटी सांगणार आहे.

याची सुरुवात २०२० सालच्या टाळेबंदीत झाली. कामशेतचा बाजार बंद, मंडळाच्या बैठका बंद, आणि मुलगा घरात कंटाळलेला. माळ्यावरून त्याच्या लहानपणच्या मोटारींचा डबा खाली काढला, तर सगळ्यांचे रंग उडालेले. मी सहज म्हणून एका गाडीला उरलेले लाल नेलपॉलिश लावले. दिसायला वाईट झाली. ब्रशाचे ओघळ तसेच राहिले. ते पुसायला नेलपॉलिश काढण्याचे औषध घेतले, तर ते काचेच्या प्लॅस्टिकवर उतरले आणि काच मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी पडली. ती पहिली गाडीही टेबलावर आहे. मी ती मुद्दाम दुरुस्त केली नाही.

आमच्या सासूबाई म्हणाल्या, “पोरं मोठी झाली, आता आई खेळायला लागली.” त्यांचे काही चुकले नाही. मलाही ओशाळल्यासारखे होई. कोणी दारात आले की मी गाडी परातीखाली झाकत असे. पुढे पुण्याला कोथरूडमध्ये छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय पाहण्याचा योग आला. भाऊ जोशी नावाच्या गृहस्थांनी जन्मभराच्या छंदातून ते उभे केले आणि १९९८ साली लोकांसाठी उघडले. तिथले रूळ, सिग्नल, स्टेशनावरचे दिवे पाहताना माझ्या मनात आले, इतक्या थोर माणसाने यासाठी आयुष्य घातले, तर मी परात कशाला झाकायची?

आणखी एक गोष्ट मुलाने वाचून दाखवली. लंडनमध्ये जॅक ओडेल नावाचे कारागीर होते. त्यांच्या मुलीच्या शाळेचा नियम असा, की काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत आणायचे. म्हणून त्यांनी रस्ता दाबण्याच्या रुळाचे इंजिन पितळेत काडेपेटीच्या मापाने करून दिले. त्यातूनच १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ नावाच्या मोटारी निघाल्या आणि जगभर पोरांच्या खिशात गेल्या. बापाने मुलीसाठी केलेले खेळणे ते! ही गोष्ट माझ्या मनात फार राहिली.

आता थोडे कामाविषयी. या छंदात पहिले महत्त्व मापाला. खऱ्या गाडीच्या किती पट लहान, ते आधी ठरते. एकास चौसष्ट म्हणजे मुठीत मावणारी, एकास त्रेचाळीस म्हणजे तळहाताएवढी. सातवीत शिकलेले त्रैराशिक मला इतक्या वर्षांनी इथे उपयोगी पडले. खरी वस्तू एक वीतभर, म्हणजे बावीस सेंटिमीटर असेल, तर त्रेचाळिसाने भागून पाच मिलिमीटर. तांदळाच्या दाण्यापेक्षा अधिक काही नाही!

रंगाचे म्हणाल, तर ज्या बाईला सारवता येते तिला गाडी रंगवता येते. जाड सारवण घातले की भेगा पडतात. पातळ हात घालून, वाळू देऊन पुन्हा दुसरा घालायचा. इथेही तसेच. प्लॅस्टिकची गाडी खालचे स्क्रू काढले की उघडते. धातूच्या गाडीला खाली रिबिटी असतात, त्या ड्रिलने अलगद कोरून काढाव्या लागतात. मग साबणाच्या पाण्याने धुवायची, कारण हाताचे तेल राहिले की तिथे रंग धरत नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, प्रायमरचा म्हणजे अस्तराचा हात द्यायचा आणि त्यावर रंगाचे तीन-चार पातळ हात. दोन रंग असतील तर फिका आधी आणि गडद नंतर. काळ्यावर पिवळा चढवू गेलात तर तो मळकटच दिसतो.

बारीक कामासाठी मी महागडे सामान घेतले नाही. दात कोरायची काडी, उदबत्तीची तासलेली काडी आणि एक बारीक ब्रश. चॉकलेटच्या चांदीतून दिव्यांच्या कडा होतात. दारांच्या फटींत पाण्यासारखा पातळ काळा रंग सोडायचा आणि वरचा लगेच फडक्याने पुसायचा. फटीत राहतो तेवढ्याने, डोळ्यांत काजळ घातल्यावर चेहरा उठून दिसावा, तशी गाडी उठून दिसते.

एक इशारा मात्र आपल्या मावळाकरिता. आषाढात वॉर्निशचा शेवटचा हात देऊ नका. आपल्याकडच्या पावसात हवा इतकी ओली असते, की वॉर्निश वाळता वाळता बुरशी आल्यासारखे पांढरे होते. माझ्या दोन गाड्या अशा गेल्या. आता पावसाळ्यात मी घासणे, कापणे, जोडणे एवढेच करते आणि वॉर्निश दसऱ्यानंतर. वास उग्र असतो, तेव्हा दार उघडे ठेवावे आणि लहान मूल जवळ घेऊ नये.

आता त्या टॅक्सीकडे वळते.

माझे माहेर आंदर मावळातले. आपल्या मावळातली पुष्कळ माणसे मुंबईला डबे पोचवायला गेली. माझे वडील टॅक्सीवर गेले. गाडी मालकाची, हे पाळीने चालवणार. गणपतीला आणि शिमग्याला घरी येत. आम्हां भावंडांना ते पाहुण्यासारखेच वाटत. मी सातवी पास झाले तेव्हा आठवीची शाळा लांब होती, घरात धाकटी भावंडे होती, आणि आजीने ठरवले की पुरे झाले. वडील त्या वेळी मुंबईला. मनात माझ्या कायम राहिले, की यांनी एक शब्दही काढला नाही. हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही. तीस वर्षे तसेच ठेवले.

२०२३ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांत आले, की मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा काळ संपला. ताडदेवच्या कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली. टॅक्सीचे वय वीस वर्षांपर्यंतच धरतात, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात झालेली ही गाडी, आधी फियाट आणि १९७४ पासून पद्मिनी. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ते कात्रण वडिलांनी पोथीत ठेवलेले दिसले. मी काही बोलले नाही. येताना बाजारातून मागे ओढून सोडायची प्लॅस्टिकची टॅक्सी घेतली. मोजली तर नऊ सेंटिमीटर. म्हणजे एकास त्रेचाळिसाच्या जवळपास.

तीन महिने लागले. काम करताना काही अडले की मी आबांना फोन करी. आबा, मीटर कुठे होता? डावीकडे, बाहेरच्या अंगाला, एक वीतभर. आबा, पाटी कसली? पिवळी, अक्षरे काळी. पूर्वी आमचे फोनवरचे बोलणे ‘बरी आहेस ना’ आणि ‘बरी आहे’ एवढेच असे. आता अर्धा अर्धा तास होऊ लागला. मागच्या सीटवर पाय दुमडून ते किती रात्री झोपले, पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी कशी ढकलली, हे सारे मला या निमित्ताने कळले.

टॅक्सी पुरी झाल्यावर त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, “गिअर खाली कुठं असतोय, पोरी? पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला.” मी जमिनीतून टाचणी उभी केली होती! मी हसले. ते हसले नाहीत. आत बोट दाखवून म्हणाले, “मागच्या डिकीत तुझ्या वह्या होत्या.” मला उमजेना. मग त्यांनी सांगितले. त्या वर्षी त्यांनी आठवीच्या वह्या दादरला घेऊन ठेवल्या होत्या. गणपतीला घरी आले तोवर शाळा सुटून तीन महिने झाले होते. कोणी त्यांना कळवलेच नव्हते. आजीपुढे त्यांनी तोंड उघडले नाही. वह्या परत नेल्या आणि वर्षभर डिकीत ठेवून अखेर सोबतच्या ड्रायव्हरच्या मुलीला दिल्या. “बोलायला पाहिजे होतं,” एवढेच म्हणाले.

भगिनींनो, त्यामुळे माझी आठवी काही परत आली नाही. ते दुःख आहे तिथेच आहे. पण ज्यांनी विचारच केला नाही असे मी तीस वर्षे धरून चालले, त्यांनी वह्या घेतल्या होत्या, हे मला ठाऊक झाले. साध्या ‘आबा, कसे आहात’ने ते कधीच निघाले नसते. मीटर कुठे होता, गिअर कुठे होता, असे नेमके विचारत गेले म्हणून निघाले. गिअर मी दुरुस्त केला आहे, पाहा.

म्हणून माझे दोन शब्द एवढेच. आपल्या घरातल्या माणसाने जन्मभर ज्या वस्तूवर राबून आपल्याला वाढवले, ती बारकाईने पाहा आणि त्यांना तिच्याविषयी विचारा. ती बैलगाडी असेल, गिरणीतला माग असेल, डब्यांची हातगाडी असेल. आणि ज्यांना हात चालवावासा वाटतो त्यांनी शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत यावे. घरातली मोडकी मोटार आणावी. ब्रश आणि पॉलिश पेपर माझ्याकडचे. पहिली गाडी बिघडेल. बिघडू द्यावी.