एका तासाचे मोल

"काय द्यायचं ते द्या हो, तुमच्या खुशीनं." बिघडलेला संगणक चालू करून, स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकता टाकता एखादा तरुण हे वाक्य बोलतो, तेव्हा आपण मोठ्या सभ्यपणाने वागलो असे त्याला वाटते. वस्तुतः आपल्या श्रमाचा भाव त्याने गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेला असतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे उगाच म्हणत नाहीत.

मी अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी नोकरीच्या मागे न लागता संगणक-दुरुस्तीचे काम स्वतंत्रपणे करतात. कुणाच्या दुकानातला प्रिंटर, कुणा डॉक्टरांच्या दवाखान्यातले नेटवर्क, कुणा आजोबांचा लॅपटॉप. कामाला तोटा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि कित्येक जुन्या यंत्रांना तर विंडोज ११ चालत नाही; तेव्हा 'आता काय करू?' एवढे विचारायलाच माणसे बोलावतात. असे असूनही हे विद्यार्थी भेटले की सांगतात, "सर, दिवसभर पळतो, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही."

याचे कारण त्यांच्या हिशेबात सापडते. आपण असे धरू की घर चालवायला महिना ३०,००० रुपये लागतात. महिन्याचे दिवस २६, दिवसाचे तास ८, म्हणजे २०८ तास. भागाकार केला की तासाला साधारण १४५ रुपये येतात. मग मुलगा दीडशे सांगतो आणि वर पाच रुपये मिळाले म्हणून खूश होतो! पण हा भाव नोकरदाराचा झाला. नोकरदाराला पेट्रोल भरून गिऱ्हाइकाच्या दारी जावे लागत नाही, रजेचा पगार मिळतो आणि पुष्कळांचा भविष्यनिर्वाह निधीही साठत असतो.

स्वतंत्र माणसाचा हिशेब निराळा. घरखर्चाचे वर्षाचे ३,६०,००० रुपये. त्यात स्कूटर आणि पेट्रोल ३६,०००, फोन-इंटरनेट १२,०००, हत्यारे आणि तपासणीसाठी जवळ ठेवायचे सुटे भाग २४,०००, विमा आणि म्हातारपणची शिल्लक ६०,०००. बेरीज ४,९२,०००. हे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. आपण आपले घालावेत.

आता तास पाहा. वर्षाचे आठवडे ५२. सणवार, आजारपण, लग्नकार्ये यांचे चार वजा करा. राहिले ४८. आठवड्याला सहा दिवस, दिवसाला आठ तास धरले तर सुमारे २,३०० तास होतात. पण यांतल्या किती तासांचे पैसे मिळतात? जाणे-येणे, बाजारात सुटा भाग शोधणे, फोनवर फुकट सल्ला देणे, उधारी वसूल करायला खेटे घालणे, नवीन काही शिकणे, हेही कामाचेच तास. त्यांचे बिल मात्र कुणाला लावणार? माझ्या अंदाजाने निम्मे तास असेच जातात. (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हे समजावून सांगायला नको. वर्गातल्या तासाचा मोबदला मिळतो. त्याच्या तयारीचा नाही आणि मे महिन्याचाही नाही.) तेव्हा बिलाचे तास उरले ११५०. भागाकार येतो सुमारे ४२८ रुपये. दहांतला एक रुपया बुडतो असे धरले, की तो पावणेपाचशेवर जातो. म्हणजे पाचशे हा दर लोभाचा नव्हे, पोटापुरताच आहे.

गिऱ्हाईक म्हणेल, "अहो, दहा मिनिटांचं काम, त्याचे पाचशे?" हा प्रश्न जुना आहे. १८७८ साली चित्रकार व्हिसलरने टीकाकार रस्किनवर लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता काय, असे विरुद्ध बाजूच्या वकिलाने विचारले. आयुष्यभरात मिळवलेल्या ज्ञानाचे मागतो, असे त्याचे उत्तर होते. उत्तर बिनतोड खरे, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले. तेव्हा नुसत्या बिनतोड उत्तरावर विसंबू नये. पहिल्या तासाचे पैसे पूर्ण लागतील, पुढे अर्ध्या-अर्ध्या तासाने, हे फोनवरच, निघण्यापूर्वी सांगावे. शेजाऱ्याला किंवा मावशीला फुकट करून द्यायचे असेल तर खुशाल द्यावे. पण बिल लिहून त्यावर सूट दाखवावी.

तासाच्या हिशेबात गिऱ्हाइकावरही अन्याय होऊ शकतो, तोही पाहिला पाहिजे. हार्ड डिस्कवरचा मजकूर दुसरीकडे उतरवायला चार तास लागतात. त्या वेळात यंत्र काम करते आणि आपण घरी चहा पितो. या चार तासांचे पैसे घेऊ नयेत. मात्र गिऱ्हाइकाने समोर बसवून ठेवले असेल तर जरूर घ्यावेत. जे काम आपण प्रथमच शिकत आहोत, त्याचा शिकण्याचा वेळही त्याच्या माथी मारू नये.

दवाखाने, दुकाने, शाळा यांच्याशी वर्षाचा करार करणे मला अधिक पसंत आहे. आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. बलुतेदार वर्षभर गावाची कामे करी आणि सुगीला खळ्यावर धान्य घेई. दर फाळाचा निराळा भाव नसे. फरक एवढाच, की बलुत्यात काम किती याला मर्यादा नव्हती आणि त्यात कारागीर पिळला जाई. आपल्या करारात महिन्याला किती खेपा, हे लिहिलेले असावे.

वस्तू व सेवा कराची चिंता बहुतेकांना लगेच नको. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर महाराष्ट्रात सहसा नोंदणी लागत नाही. पण ती मर्यादा उलाढालीची आहे, नफ्याची नव्हे. विकलेल्या सुट्या भागांची किंमतही त्यात धरली जाते. म्हणून मजुरी आणि माल बिलावर वेगवेगळे लिहावेत.

दर वर्षातून एकदा तपासावा आणि वाढवायचा तर जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी कळवावे. काही जण सोडून जातील. दीडशेची दहा कामे जाऊन पाचशेची चारच राहिली, तरी गल्ल्यात दीड हजाराच्या जागी दोन हजार येतात आणि सहा खेपांचे पेट्रोल वाचते.