मौनाचा हक्क आणि रद्द झालेली शिक्षा



मौन म्हणजे संमति, असें आपण व्यवहारांत मानतों. फौजदारी न्यायांत मात्र गप्प राहणें हा आरोपीचा हक्क आहे. तो डावलून मिळविलेल्या कबुलीवर शिक्षा झाली, तर पुढें काय व्हावें? अमेरिकेंतील एका खटल्यानें याचें उत्तर दिलें आहे.

मार्च १९६३ मध्यें ॲरिझोना राज्यांतील फीनिक्स शहरीं अर्नेस्टो मिरांडा या तरुणास पोलिसांनीं पकडलें. आरोप अपहरण व बलात्कार असे घोर होते. सुमारें दोन तासांच्या चौकशीनंतर त्यानें कबुलीजबाबावर सही केली. आपले कायदेशीर हक्क पूर्णपणें जाणून हा जबाब देत आहें, असें त्या कागदावर आधींच छापलेलें होतें. परंतु वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्याला कोणी सांगितलाच नव्हता, आणि गप्प राहण्याच्या हक्काचेंहि रक्षण झालें नव्हतें. हा जबाब पुराव्यांत घेण्यास त्याच्या वकिलानें खटल्यांतच हरकत घेतली. ती फेटाळली गेली, व २० ते ३० वर्षांची शिक्षा झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि ती कायम केली.

प्रकरण अखेर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. १३ जून १९६६ रोजीं ५ विरुद्ध ४ मतांनीं ती शिक्षा रद्द झाली. निकालपत्र सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनीं लिहिलें. कोठडींतील चौकशीपूर्वीं आरोपीस चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत, असें त्यांत ठरलें : त्याला गप्प राहतां येतें, तो जें बोलेल तें त्याच्याविरुद्ध वापरलें जाईल, वकील जवळ ठेवतां येतो, आणि ऐपत नसल्यास वकील दिला जाईल.

मग अपराधी मोकळा सुटला काय? नाहीं. १९६७ मध्यें खटला पुन्हां चालला. तो जबाब बाजूस ठेवण्यांत आला. मिरांडानें आपल्या सहचारिणीजवळहि अपराध कबूल केला होता. तिची साक्ष झाली, आणि पूर्वीचीच शिक्षा पुन्हां झाली.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २० (३) अन्वयें आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करतां येत नाहीं. हें संरक्षण पोलिसांच्या चौकशींतहि लाभतें, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९७८ मध्यें नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणांत सांगितलें.

अशा निकालांवर ‘न्यायालय गुन्हेगारांना पाठीशीं घालतें’ असा आक्षेप नेहमीं येतो. परंतु पहिल्याच दिवशीं चार वाक्यें सांगितलीं असतीं, तर फीनिक्सच्या त्या पीडित तरुणीला न्यायासाठीं दुसऱ्या खटल्याची वाट पाहावी लागली नसती. पोलिसांच्या घाईचें मोल तिनें दिलें.