हृद्रोगाचे संशोधक कोठून येणार?

खडोलीसारख्या गावात धाप लागलेल्या बाईला दुखणे विचारले, तर ती ते वारलीत किंवा कोकणीत सांगेल; दवाखान्यातील कागदावर मात्र ते इंग्रजीत उतरते. या मधल्या वाटेत पुष्कळ काही गळून जाते. येथे हृद्रोगाचे संशोधन व्हावयाचे, तर ही वाट पायाखालची असलेली मुलेमुली त्यासाठी तयार झाली पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

सिल्वासाला २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही मोठीच सोय झाली. परंतु डॉक्टर होणे निराळे आणि संशोधक होणे निराळे. डॉक्टर समोरच्या रोग्यावर उपचार करतो; संशोधक विचारतो की, हा रोग याच वस्तीत, याच वयात का? असा प्रश्न सुचणे हे पुष्कळदा विचारणाऱ्यावर अवलंबून असते. फुप्फुसाच्या जुन्या विकाराने हृदयाची उजवी बाजू दुबळी होते. १९५०च्या दशकात दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांना बायकांतही हा रोग पुरुषांइतकाच आढळला, आणि त्यांनी चुलीच्या धुराकडे बोट दाखविले. त्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम करीत होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या आहाराची पाहणी केली. तेथील बालके जन्मतः हलकी, तरी त्यांच्या अंगी चरबी प्रमाणाने अधिक, असे दिसले. पुढील मधुमेह व हृद्रोग यांचे मूळ ते तेथे शोधतात. आईने काल काय खाल्ले, हे तिच्याच बोलीत विचारावे लागते.

आता खर्चाचे पाहू. राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. रक्कम वाईट नाही. अडचण तिच्या आधीची आहे. एम.एस्सी. होताच घरचे पगाराची वाट पाहू लागतात, आणि कारखान्यातील नोकरी तर दाराशीच उभी असते. म्हणून एम.एस्सी.च्या दोन्ही सुट्ट्यांत अशा विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत पाठवावे, गाडीभाडे व वसतिगृहाचा खर्च द्यावा, आणि परतल्यावरही पत्राला उत्तर देईल असा एक मार्गदर्शक नेमून द्यावा. इंग्रजीत निबंध लिहिण्याचा सराव तेथेच होईल. संख्याशास्त्राचा वर्ग मात्र पहिल्याच सुट्टीत ठेवावा. मुले सर्वांत अधिक भितात ती त्यालाच.