मानेतला पहारेकरी

आमच्या आदिलाबादचा हिवाळा मोठा बोचरा. रात्री दारे-खिडक्या लावून, खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजण्याचा मोह पुष्कळांस होतो. निखारे लाल दिसतात, धूर नसतो, म्हणून भय वाटत नाही. परंतु अशा खोलीतली माणसे कधी कधी सकाळी उठतच नाहीत. प्राणवायू तुटत असता देह खडबडून जागा कसा होत नाही?

मानेच्या दोन्ही अंगांस, मस्तकाकडे जाणारी रोहिणी जेथे दुभंगते तेथे, तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. रक्तातला प्राणवायू उतरला की तो मेंदूस वर्दी देतो आणि श्वास वाढतो. हा शोध लावणाऱ्या हेमान्स या बेल्जियन शास्त्रज्ञास १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पहारेकऱ्याच्या अभ्यासात सुखमय लाहिरी या बंगाली शास्त्रज्ञाने आपले आयुष्य वेचले. १९६०-६१ च्या हिवाळ्यात एव्हरेस्टच्या परिसरात, सुमारे ५८०० मीटर उंचीवर, एका चंदेरी झोपडीत जे शास्त्रज्ञ राहिले त्यांत तेही होते. (त्या थंडीपुढे आमची थंडी म्हणजे नुसता गारवा!) विरळ हवेत मैदानी माणसाचा श्वास जसा वाढतो तसा शेर्पांचा वाढत नाही, हे त्यांस दिसले. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी मांजरांवर प्रयोग करून या पिंडांच्या मज्जातंतूंतील संदेश टिपले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच कामात आहे. रक्तातला बहुतेक प्राणवायू हिमोग्लोबिनला चिकटलेला असतो. अगदी थोडा रक्तात विरघळलेला असतो. मानेतला पिंड मुख्यतः या विरघळलेल्या भागाचा दाब पाहतो. शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपट आवेगाने चिकटतो. कोठार रिते होते, पण विरघळलेला अंश जवळजवळ तसाच राहतो. दुकानाच्या फळीवरचा माल पाहून कोठार भरलेले समजणाऱ्या नोकरासारखा हा पहारेकरी स्वस्थ बसतो! हृदयाजवळच्या महारोहिणीवरील पिंडांना मात्र हा वायू चांगलाच कळतो, असे लाहिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखविले. पण माणसाच्या श्वासावर त्यांचा अंमल थोडा.

म्हणून धाप लागत नाही, जीव गुदमरत नाही. डोके जड होते, मळमळते, आणि दिवसभराचा शीण समजून माणूस कूस बदलतो.