‘दुष्ट’ हा शब्द आम्ही खोडला

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज हप्त्याचं आणि व्याजाचं बोलायचं नाही. आमच्या बचत गटानं यंदा मुलांसाठी एक गोष्ट लिहिली. खरी गोष्ट, विहिरीतून काढलेल्या एका पिल्लाची. ती लिहिताना आम्ही काय शिकलो, ते सांगते.

होळीच्या आधीची गोष्ट. आमची महिन्याची बैठक चालू होती. शाळेत निघालेला एक पोरगा धापा टाकत आला, “जुन्या विहिरीत पिल्लू केकाटतंय!” वह्या तशाच टाकून आम्ही निघालो. विहिरीला कठडा नाही, पाणी तळाला गेलेलं. पाण्याच्या वर एका कपारीत पिवळं पिल्लू अंग चोरून बसलेलं. दुसरं एक पाण्यात होतं. ते हलत नव्हतं.

पाटीत भाकरीचा तुकडा टाकून दोरानं खाली सोडली. पिल्लू पाटीकडे बघेना. शेवटी गटातल्या एक मावशी कमरेला दोर बांधून, पदर खोचून पायऱ्यांनी खाली उतरल्या. वरून आम्ही सहा जणींनी दोर धरला. मावशींनी पिल्लाला उचललं, तसं ते त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावलं. मावशींनी त्याला सोडलं नाही. पाटीत ठेवलं, आम्ही ओढून घेतलं. ती मादी होती. पुढं पोरांनी तिचं नाव गंगी ठेवलं.

शाळेतल्या बाईंच्या कानावर हे गेलं. त्या म्हणाल्या, “आमच्या पोरांना आपल्या गावची गोष्ट वाचायला द्या ना, लिहून.” आम्ही हो म्हटलं. गटात दहावी झालेली एक सूनबाई आहे, तिनं लिहायला घेतलं.

पहिल्या खेपेला गोष्ट फार गोड झाली. गंगी माणसासारखी बोलायची, मावशींचे आभार मानायची, रात्री चोर पकडून द्यायची. वाचून झाल्यावर मावशीच म्हणाल्या, “अगं, ती मला चावली, ते कुठं गेलं?” आम्हाला वाटलं होतं, चावलेलं लिहिलं तर पोरं भितील. पण न लिहावं, तर पोरं उद्या भ्यालेल्या कुत्र्याला तसाच हात घालतील. मग आम्ही ठरवलं, घडलं तेवढंच लिहायचं.

म्हणून चावल्यानंतरचंही सगळं लिहिलं. तिथं कुणी म्हणालं चुना लावा, कुणी म्हणालं हळद, कुणी म्हणालं पिल्लूच तर आहे, काय होतंय. आशाताईंनी कुणाचं ऐकलं नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायला लावली आणि तशीच मावशींना आरोग्य केंद्रात नेली. त्याच दिवशी पहिली लस, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पिल्लू चावलं तरी लस घ्यायचीच, कारण रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर इलाज नाही. हे पोरांना गोष्टीतून कळलं तर ते विसरणार नाहीत.

खरी अडचण पुढं आली. गोष्टीची सुरुवात आम्ही अशी केली होती, “कुणा दुष्ट माणसानं दोन पिल्लं विहिरीत टाकली.” बैठकीत हे वाचलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. गटातली एक जण मात्र खाली मान घालून बसली. चहाही न घेता गेली.

दोन दिवसांनी ती संध्याकाळी घरी आली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ती दुष्ट मीच.”

तिच्या दारातल्या कुत्रीला पिल्लं झाली होती. नर होते ते लोकांनी मागून नेले. दोन माद्या राहिल्या. मादी कुणी नेत नाही, वर्षाला पुन्हा पिल्लं घालते म्हणून. घरात दोन वेळची चूल पेटायची पंचाईत, त्यात एवढी तोंडं. पहाटे पोतं घेऊन तीच गेली होती. आणि धापा टाकत आलेला पोरगा तिचाच होता. त्यानं आईला जाताना पाहिलं होतं. तिला काही बोलला नाही, सरळ आमच्याकडे पळत आला.

आम्ही विचारलं, “मग हे गोष्टीतून काढून टाकू का?” ती म्हणाली, “काढू नका. त्यानं पाहिलंय. काढलंत तर त्याला वाटेल, मोठी माणसं मिळून खोटं लिहितात. पण नाव नको.”

मैत्रिणींनो, त्या रात्री आम्ही फार बोललो. मादी नको, हे वाक्य आमच्यापैकी किती जणींनी स्वतःच्या जन्माबद्दल ऐकलंय! तिला दुष्ट म्हणायला आमची जीभ रेटेना. पण टाकणं बरोबर होतं, असंही म्हणता येत नव्हतं. एक जीव तिथं गेला होता.

मग ‘दुष्ट’ खोडून आम्ही लिहिलं, “एका बाईला वाटलं, एवढ्यांना खायला कुठून घालू? तिनं कुणाला विचारलं नाही. पहाटे ती पिल्लं विहिरीत टाकून आली. एका मुलानं ते पाहिलं आणि तो मदत मागायला पळाला.” नाव कुणाचंच नाही. खोटं काही नाही.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात श्याम पोहायला भिऊन लपून बसतो, ते त्यांनी झाकलं नाही. म्हणून तर पोरांना तो आपला वाटतो.

शनिवारी शाळेत गोष्ट वाचली. दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, “दुसऱ्या पिल्लाचं काय झालं?” आम्ही सांगितलं, ते मेलं. बांधावर पुरलं. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून तो पोरगा म्हणाला, “त्या बाईनं कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं.”

आता आमच्या बैठकीत एक नवा विषय असतो. कुणाच्या दारात पिल्लं झाली तर आधी गटात सांगायचं. घरं शोधायची, जनावरांच्या डॉक्टरांना कुत्रीच्या नसबंदीचं विचारायचं. गंगी मावशींच्या ओसरीवर असते. भाकर मात्र तिला रोज दुसऱ्याच घरून येते. कुणाच्या घरून, ते तुम्ही ओळखलं असेल.

तुमच्याही गावात अशी गोष्ट असेल. ज्यांनी पाहिली त्यांना विचारा, वहीत उतरवा, चार जणींना मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकताना कुणी मान खाली घातली, तर तिच्याजवळ जाऊन बसा. गोष्ट नंतर पुरी करता येईल.