खाली तोंड केलेली पेटी

संगीताचा पाया खर्जात असतो. काळी एकमध्ये मिळविलेल्या मर्दानी तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते; मोठ्या ऑर्गनच्या नळ्या तर १६ कंपनांपर्यंत खाली उतरतात. इतका खोल स्वर घरातल्या लहान ध्वनिवर्धकाला पेलत नाही. त्यासाठी निराळा ध्वनिवर्धक ठेवतात. त्याला सबवूफर म्हणतात. हौशी मंडळी त्याची पेटी घरीच बांधतात आणि पुष्कळदा त्याचे तोंड जमिनीकडे करतात.

तोंड खाली केल्याने स्वर हरवत नाही काय? मुळीच नाही. सेकंदाला ४० कंपनांच्या ध्वनीची लाट साडेआठ मीटर लांब असते. दिवाणखान्याहून लांब असलेल्या लाटेला पेटीचे तोंड कोणीकडे आहे याचे सोयरसुतक नसते. उलट पडदा मुलांच्या हातापायांपासून सुरक्षित राहतो, हा लाभच.

पेटी हवी ती मागची हवा कोंडण्यासाठी. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. ही दोन्ही आंदोलने एकमेकांस मिळाली तर खर्ज जागच्या जागी विरतो. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. आज ध्वनिवर्धकासोबत तीन आकडे मिळतात : पडद्याची स्वाभाविक कंपनसंख्या, आंदोलन किती लवकर शमते हे सांगणारा ‘क्यू’, आणि पडद्याइतकीच लवचीक असणाऱ्या हवेचे आकारमान. समजा, हे आकडे अनुक्रमे २५, ०.५ आणि ५० लिटर आहेत. मग पेटी आतून ५० लिटरचीच करावी. कंपनसंख्या २५ वरून ३५ वर जाते, क्यू ०.७ होतो आणि स्वर घुमत न राहता स्वच्छ उमटतो.

तोंड खाली करावयाचे तर आणखी दोन हिशेब हवेत. आडवा पडदा स्वतःच्या वजनाने किंचित ओघळतो. किती, हे काढण्यास वजन ठाऊक असण्याची गरज नाही. २४८ ला स्वाभाविक कंपनसंख्येच्या वर्गाने भागावे, उत्तर मिलिमीटरमध्ये येते. २५ कंपनांना ०.४ मिलिमीटर, १६ कंपनांना जवळजवळ १. पडद्याच्या एका बाजूच्या चालीच्या शेकडा ५ पर्यंत ही ओघळ चालते. अधिक असल्यास तो ध्वनिवर्धक उभाच बसवावा. दुसरा हिशेब पायांचा. हवेला बाहेर पडण्यास पडद्याच्या क्षेत्रफळाइतकी वाट हवी. पडद्याचा व्यास २१ सेंटिमीटर असेल तर त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे सव्वापाच सेंटिमीटर तरी फट ठेवावी. गालिचा असेल तर पाय रुततात, हेही धरावे.

एवढ्याने आपली पेटी पुरी होते. परंतु आपल्या जमिनीखाली दुसऱ्या कोणाचे छप्पर असते. पडदा खाली रेटला जातो तेव्हा पेटी तितक्याच जोराने वर रेटली जाते, आणि हा उभा धक्का पायांतून स्लॅबमध्ये उतरतो. स्लॅब लवतो तोही वरखालीच. जड पेटी, मऊ रबरी पाय आणि खोलीच्या मध्याऐवजी भिंतीलगतची जागा यांनी तो धक्का कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून तळमजल्यावर तोंड खुशाल खाली असावे. वरच्या मजल्यावर ते बाजूला वळविणे बरे.

सरकारी नोकरीत नियमांशी माझा रोजचा संबंध. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण हे माप मानवी कानाच्या संवेदनेप्रमाणे तोललेले असल्यामुळे ४० कंपनांच्या स्वरातून सुमारे ३५ डेसिबल वजा होतात. मापकाचा काटा स्वस्थ राहील आणि खालच्या बिऱ्हाडातली झोपलेली माणसे मात्र जागी होतील. जेथे नियमाला ऐकू येत नाही, तेथे शेजारधर्मालाच कान द्यावा लागतो. पेटीचे पाय पक्के करण्यापूर्वी ती वाजती ठेवून, परवानगी घेऊन, एकदा खालच्या बिऱ्हाडात जाऊन बसावे.